नेक्सस ८ असलेल्या सायकलला क्रँकमधला गिअर बसवावा का? स्पीड ड्राइव्ह की माउंटन ड्राइव्ह?

मुक्ता_डेगरलोख

नमस्कार मंडळी.

मी श्टुटगार्टला राहते. ऑफिस खाली शहरात, घर वर डेगरलोखला. ज्यांनी हे शहर पाहिलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: शहर खोलगट खोऱ्यात आणि वस्त्या चहूबाजूंच्या टेकड्यांवर. मारियेनप्लाट्झपासून आमच्याकडे दात्यांच्या रुळावरची ट्राम येते, तिला इथे 'त्साके' म्हणतात. १८८४ पासून चालू आहे आणि तिच्या मार्गावर सगळ्यात खडा भाग १७.८ टक्क्यांचा आहे. वर येताना ट्रामच्या पुढे जोडलेल्या उघड्या गाड्यावर सायकली ठेवता येतात, पण संध्याकाळच्या गर्दीत जागा मिळेलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःच्या पायांनी चढायचं आहे.

सायकल २८ इंची, स्टीलची फ्रेम, मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, आठ गिअर असलेला शिमानो नेक्सस ८, पुढे क्रँकपाशी चेनव्हीलला ३८ दाते, मागच्या दातेरी चाकाला १९. चेनवर पूर्ण बंद कव्हर आहे आणि ते मला ठेवायचंच आहे, कारण साडी असो की ऑफिसची पँट, काळा डाग नको. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. मी, ती, सायकल, बॅग सगळं धरून १०५ किलोच्या आसपास. चढावर पहिला गिअर टाकूनही पायडल जवळजवळ थांबतात आणि घरी पोचेपर्यंत उजवा गुडघा बोलायला लागतो. रविवारी मात्र नेकारच्या काठाने एस्लिंगेनकडे सपाट रस्त्यावर जातो, तिथे वरचे गिअरही लागतात.

एका दुकानात श्लुम्फ कंपनीचे क्रँकमध्ये बसणारे दोन-दोन गिअरचे ड्राइव्ह दाखवले, एक स्पीड ड्राइव्ह आणि एक माउंटन ड्राइव्ह, टाचेने बटण दाबून बदलायचे. मन बसलंय. पण दोनातला कुठला घ्यावा, फ्रेमला काही करावं लागतं का, आणि हे माझ्या हबला झेपेल का? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटवाला_नाशिक

ताई, आमच्याकडे ही वस्तू बघायला मिळत नाही. कसारा घाट सामानासकट चढायचा म्हणजे पुढे २२ दात्यांचं छोटं चेनव्हील आणि मागे मोठी कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांची चळत, एवढंच आमचं शास्त्र. लहान मूल घेऊन रोज चढायचं असेल तर सरळ ई-बाइक का घेत नाही?

मुक्ता_डेगरलोख

दादा, सायकल तिसऱ्या मजल्यावर नेते, लिफ्ट नाही. ई-बाइकचं वजन मला जिन्यात झेपणार नाही. आणि छोटं चेनव्हील पुढे जोडीने लावलं की चेन सरकवणारा डिरेलर आला, चेनला ताण देणारा हात आला, म्हणजे कव्हर गेलं.

विंटरथूरकर

मुक्ताताई, मी इकडे स्वित्झर्लंडमध्ये मशीन शॉपमध्ये काम करतो आणि माझ्या लांब सायकलीवर, म्हणजे पाठ टेकून चालवायच्या सायकलीवर, माउंटन ड्राइव्ह आहे. मित्रांच्या सायकलींवर स्पीड ड्राइव्ह बसवून दिले आहेत. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण खरेदीच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण यात पैसे बरेच जातात.

गिअरचा विचार "एका फेऱ्यात सायकल किती मीटर सरकते" असा करा. नेक्सस ८ चा पहिला गिअर ०.५२७ आणि आठवा १.६१५, म्हणजे मागच्या दातेरी चाकाच्या एका फेऱ्यात सायकलचं चाक एवढे फेरे घेतं. तुमचं ३८ भागिले १९ म्हणजे २, चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. पहिल्या गिअरमध्ये एका फेऱ्यात २.३ मीटर, आठव्यात ७.१ मीटर. आता १० टक्के चढ आणि तुमचे १०५ किलो. ताशी ६ किलोमीटरने वर जायला १७० वॅट लागतात, नुसते गुरुत्वाकर्षणासाठी. त्या वेगाला २.३ मीटरच्या गिअरमध्ये पायडलचे फेरे मिनिटाला ४३ पडतात. गुडघा बोलतो तो यामुळे. तुमच्या पायांत ताकद कमी आहे असं अजिबात नाही, फेरे कमी पडताहेत. ते साठच्या घरात आणायचे, म्हणजे एका फेऱ्याला १.७ मीटर हवेत.

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त: मागचं १९ चं दातेरी चाक काढून २३ दात्यांचं लावा. किंमत किरकोळ. पहिला गिअर १.९ मीटरवर येतो, फेरे ५२. आठवा गिअर ५.९ मीटरचा राहतो, त्यात मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २८ किलोमीटर. मुलगी मागे असताना एस्लिंगेनच्या वाटेवर यापेक्षा जास्त वेग मला तरी नको वाटेल. चेन दोन कड्यांनी वाढवावी लागेल. कव्हरच्या मागच्या भागात २३ दाते मावतात का ते आधी बघा.

हे करूनही पुरलं नाही तर क्रँकमधला गिअर. आता दोघांतला फरक, आणि तो नीट समजून घ्या.

माउंटन ड्राइव्ह २.५ पटीने हळू करतो, स्पीड ड्राइव्ह १.६५ पटीने जलद. दोघांनाही एक गिअर सरळ, म्हणजे क्रँकचा एक फेरा आणि चेनव्हीलचाही एकच, त्यात आतले दाते फिरतच नाहीत. चढासाठी अर्थातच माउंटन, असं पहिल्यांदा वाटतं. तुमच्या सायकलीवर मला ते पटत नाही.

कारण हब. ६० किलोचा माणूस आडव्या क्रँकवर सगळं वजन टाकून उभा राहिला, क्रँक १७० मिलिमीटरची धरली, तर क्रँकवर साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ येतो. ३८ ला १९ असताना त्यातले ५० तुमच्या हबमध्ये जातात. शिमानो या हबसाठी पुढचे-मागचे दाते दोनच्या आसपास ठेवायला सांगते, ते याचसाठी. माउंटन ड्राइव्ह हळू बाजूला टाकला की ३८ चं चेनव्हील १५ दात्यांसारखं वागतं. हबमध्ये १२५ न्यूटन-मीटर. आतले छोटे दाते आणि खिट्ट्या यासाठी बनवलेल्या नाहीत. माझ्या सायकलीला मागे कॅसेट आहे, म्हणून मला ही काळजी नाही. शिवाय पाठ टेकून बसलेला माणूस पायडलवर उभा राहूच शकत नाही.

शिवाय तो पहिला गिअर तुम्हाला ०.९३ मीटरचा मिळेल. साठ फेऱ्यांना ताशी साधारण ३.३ किलोमीटर. तीनचाकीवर हा वेग सुखाचा. दोनचाकीवर मागे हलणारं मूल घेऊन तोल सांभाळत बसाल.

स्पीड ड्राइव्ह उलट्या बाजूने वापरायचा. चेनव्हील लहान करा, ३४ म्हणूया, मागे तेच २३. सरळ गिअरमध्ये १.७ ते ५.३ मीटर, हा तुमचा रोजचा चढ. रविवारी टाचेने बटण दाबलं की वरचं टोक ८.७ मीटरपर्यंत जातं. हबवर ६८ न्यूटन-मीटर येतील. तेही शिमानोच्या सल्ल्यापेक्षा जास्तच आहेत, म्हणून कडक चढावर सीटवर बसूनच पायडल मारा, उभं राहू नका आणि गिअर बदलताना पाय सैल सोडा. एवढं पाळलं तर मला भीती वाटत नाही. चेन परत मूळ लांबीची लागेल, कापलेल्या कड्या जपून ठेवा.

आता फ्रेम. हा मुद्दा दुकानदार घाईत उरकतात. आत ग्रहमालेसारखे दाते आहेत, आणि अशा गिअरला कुणीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं, नाहीतर सगळा ड्राइव्हच गरगर फिरेल. ते धरायचं काम तुमच्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) नळीचं, म्हणजे फ्रेममधल्या ज्या आडव्या नळीतून क्रँकचा अॅक्सल जातो तिचं. माउंटन ड्राइव्हमध्ये क्रँकवर १०० आले तर फ्रेमवर १५० येतात, स्पीड ड्राइव्हमध्ये फक्त ४०. आणखी एक कारण स्पीड ड्राइव्ह घेण्याचं.

नळीच्या दोन्ही तोंडांना आतून ४५ अंशाची कड कातरतात आणि दोन्ही बाजूंनी शंकूच्या आकाराचे भाग त्या कडांवर आवळून बसवतात. आटे वापरलेच जात नाहीत, त्यामुळे आटे खराब झालेल्या फ्रेमलाही हा ड्राइव्ह चालतो. कातरायचं हत्यार खास असतं, हाताने फिरवायचं, अधिकृत दुकानाकडेच मिळतं. कानशीने किंवा ड्रिलने कुणी "करून देतो" म्हणाला तर सायकल घेऊन बाहेर पडा.

बघत उभ्या राहा आणि हे तपासा. कातरण्याआधी कडेला मार्करची शाई लावायला सांगा. हत्यार एक-दोन वेळा फिरवलं की शाई कुठे उडाली ते दिसतं. एकाच बाजूने उडाली असेल तर नळीचं तोंड तिरपं आहे, आणि पूर्ण गोल चकाकणारी कड दिसेपर्यंत थांबायचं नाही. कटिंग ऑइल हवं, घाई नको, पातं ओढायला लागलं तर मागे घेऊन बुरा काढायचा. माझ्याकडे एक अॅल्युमिनियमची सायकल आली होती, एका दुकानाने उथळ कातरून दिलेली. प्रत्येक चढावर ड्राइव्ह केसभर सरकायचा आणि आवळलेलं सगळं सैल व्हायचं. कड पूर्ण कातरून पुन्हा बसवल्यावर तोच ड्राइव्ह गप्प बसला.

नळीखाली गिअरच्या केबलचा मार्गदर्शक असेल तर त्याचा स्क्रू आत डोकावतो का ते बघा, डोकावत असेल तर कापून आखूड करा. क्रँक त्यांचेच लागतात, कारण बटणाची दांडी अॅक्सलमधून आरपार जाते. आणि चेनव्हील मागच्या चाकाच्या दात्यांच्या रेषेत आलं पाहिजे. नेक्ससचं मागचं दातेरी चाक खोलगट असतं, उलटं लावलं की रेषा थोडी सरकते, तो उपाय हाताशी ठेवा.

नळीची रुंदी मोजून लिहाल का?

मुक्ता_डेगरलोख

किती मनापासून लिहिलंत, खूप आभार. ४३ फेऱ्यांचा हिशोब वाचून मी काल घड्याळ लावून मोजले, खरंच चाळिशीतच होते. नळी ६८ मिलिमीटर, इंग्लिश आटे. केबल वरून जाते, खाली स्क्रू नाही. कव्हर मात्र ३८ दात्यांसाठीचं आहे.

एक विचारायचं राहिलं. पिनियनचा कारखाना डेन्केनडॉर्फला, इथून अगदी जवळ. त्यांचा गिअरबॉक्स नाही का बसवता येणार?

विंटरथूरकर

नाही, तुमच्या फ्रेमला नाही. पिनियनच्या पेटीसाठी फ्रेमलाच बीबीच्या जागी वेगळा ब्रॅकेट वेल्ड केलेला लागतो, म्हणजे नवीन सायकल. अप्रतिम वस्तू आहे: १८ गिअरचा पी १.१८, सगळ्यात वरचा गिअर सगळ्यात खालच्याच्या ६३६ टक्के. तुमचा नेक्सस ३०७ टक्क्यांचा, स्पीड ड्राइव्हसकट ५०६ होतो. सायकल बदलायचीच असेल त्या दिवशी तिथे जाऊन चालवून बघा. या फ्रेमवर प्रेम असेल तर विषय सोडा.

६८ आणि इंग्लिश आटे, उत्तम. कव्हर ३४ ला बदलावं लागेल. नवीन घेताना ड्राइव्हची पेटी बसेल एवढं मधलं भोक आहे का हे ड्राइव्ह हातात धरूनच बघा.

जुनी_चाकं

माहितीत थोडी भर. ही कल्पना तुमच्या जर्मनीतच जुनी आहे. १९३० च्या दशकात फ्रँकफर्टच्या आडलर कंपनीने बीबीमध्येच तीन गिअर असलेली सायकल काढली होती. एका संग्राहकाकडे पाहिली आहे. चेन एकच, मागे साधं चाक, आणि गिअर सगळा पायांमध्ये.

घाटवाला_नाशिक

विंटरथूरकर, तो फेऱ्यांचा हिशोब माझ्या सायकलीला लावून पाहिला. पुढे २२, मागे ३२, चाक २६ इंची, १.४ मीटर येतात. म्हणून तर सामान लादूनही घाट सुटतो.

मुक्ता_डेगरलोख

दुकानात फोन केला. कातरायचं हत्यार त्यांच्याकडे आहे आणि समोर उभं राहू देतील असं म्हणाले. पण आधी २३ चं चाक. शनिवारी लावून घेते आणि आठवडाभर मुलीला घेऊन चढून बघते. गुडघा शांत राहिला तर स्पीड ड्राइव्हचे पैसे वाचले. नाही राहिला तर ३४ दात्यांचा ड्राइव्ह आणि त्या मापाचं कव्हर एकदमच मागवेन. फेरे मोजून इथेच लिहिते.