साहेबांवर केस करायला साहेबांचीच परवानगी कशाला?

गंगावेशकर
माझ्या मावसभावाला गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला घरातनं उचललं. चोरीच्या गाडीचा विषय होता, गाडी त्याची नव्हतीच, दोन रात्री बसवून ठेवलं, डायरीला नोंद नाही, घरात फोन नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी "नावात घोटाळा झाला, जा" म्हणून सोडलं. तळपाय असे सुजलेले की चप्पल घालता येईना. (कुठलं ठाणं ते लिहीत नाही, आम्हाला त्याच गावात राहायचंय.) वकिलाकडं गेलो तर म्हणाले, अधिकाऱ्यावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. म्हणजे ज्यानं मारलं त्याच्याच मालकाला जाऊन विचारायचं, तुमच्या माणसावर केस करू का ओ? आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १९७ कलम होतं, १ जुलै २०२४ पासनं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१८ झालं. नंबर बदलला, बाकी कवच हाय तसं. माझं म्हणणं सरळ हाय, हे कलमच काढून टाका.

निवृत्त तहसीलदार
पोराच्या बाबतीत झालं ते वाईटच, त्यात वाद नाही. पण कलम काढा म्हणणं सोपं आहे. नदीकाठची चोरटी वाळू धरली की आठवड्यात माझ्यावर कोर्टात खाजगी फिर्याद पडायची. साहेबांनी शिवी दिली, साहेबांनी कॉलर धरली, साहेबांनी पैसे मागितले. एका ट्रॅक्टरपायी तीन फिर्यादी! मंजुरीची अट होती म्हणून मी वाचलो, नाहीतर बदली होऊन गेलेल्या गावच्या कोर्टात तारखा करत रिटायर झालो असतो. आणि हे कलम समानतेच्या विरुद्ध आहे का ते सुप्रीम कोर्टानं १९५५ सालीच मातजोग दोबे खटल्यात तपासलंय आणि कलम ठेवलंय. खाजगी माणसाला ट्रॅक्टर धरायची ड्युटी नसते, अधिकाऱ्याला असते, एवढा फरक तर मान्य कराल?

नाद खुळा ४१६०
साहेब वाचले, पण साहेबांच्या सोबत ट्रॅक्टर धरायला गेलेल्या तलाठ्याचं काय झालं तेवढं सांगा की 😄

निवृत्त तहसीलदार
त्याला कवच नव्हतं. दोन वर्षं तारखा केल्या बिचाऱ्यानं. बरोबर पकडलंत.

कोर्टवाली ताई
थोडं थांबा, अर्धी माहिती फिरायला लागलीय. एक, मंजुरी लागते ती कोर्टानं गुन्ह्याची दखल घेताना, म्हणजे खटला सुरू करताना, एफआयआर नोंदवायला लागत नाही. ठाण्यात "मंजुरी आणा मग नोंदवतो" म्हणत असतील तर ती थाप आहे. दोन, हे कवच सरसकट नाही, ज्याला नोकरीवरनं काढायला सरकारचीच मंजुरी लागते त्याला आहे, म्हणून तलाठी सुटत नाही आणि तहसीलदार सुटतो. पोलिसांचं मात्र वेगळं, कायदा-सुव्यवस्था राखणाऱ्या दलांना राज्य सरकार नोटिफिकेशन काढून हेच कवच देऊ शकतं. तीन, बलात्कार, विनयभंगासारख्या गुन्ह्यांना २०१३ पासून मंजुरीची गरजच नाही. आणि सगळ्यात मोठं, नव्या २१८ मध्ये सरकारला १२० दिवसांची मुदत घातलीय. तेवढ्यात निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. पूर्वी फाईल वर्षानुवर्षं पडून राहायची, त्या मानानं ही मोठी गोष्ट आहे.

गंगावेशकर
ताई, १२० दिवस ऐकायला बरं वाटतंय. ११९व्या दिवशी एका ओळीत "मंजुरी नाकारण्यात येत आहे" आलं तर?

कोर्टवाली ताई
तर हायकोर्टात आव्हान. नाकारताना कारण द्यावं लागतं, कागद बघितले होते हे दाखवावं लागतं. आणि आता त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायला नको, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच आहे.

शिकागोतला कोल्हापुरी
इकडचं, अमेरिकेतलं सांगतो. इथं मंजुरी वगैरे काही लागत नाही, १८७१ च्या नागरी हक्कांच्या कायद्याखाली कुणीही अधिकाऱ्यावर भरपाईचा दावा टाकतो. पण मग कोर्ट विचारतं की जो हक्क मोडला म्हणतोस तो आधीच्या निकालांनी स्पष्ट झाला होता का? नसेल तर अधिकारी सुटला. हे कवच इथल्या संसदेनं दिलेलं नाही, १९६७ आणि १९८२ च्या निकालांतनं जजांनीच उभं केलंय. मग २०२० मध्ये कोलोरॅडो राज्यानं आपल्या कायद्यापुरतं ते काढून टाकलं. पोलीस प्रामाणिकपणे वागला नसेल तर भरपाईतले ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर, जे कमी असेल ते त्याच्या खिशातनं. बाकीचे खातं भरतं.

नाद खुळा ४१६०
हे आवडलं. आपल्याकडं सगळं सरकारी तिजोरीतनं. रुदल शाह निर्दोष सुटल्यावर १४ वर्षं बिहारच्या जेलात सडला, १९८३ ला सुप्रीम कोर्टानं ३५ हजार द्यायला लावले. दिले कुणी? तुम्ही आम्ही.

निवृत्त तहसीलदार
खिशातनं घ्या म्हणणाऱ्यांनी २०१९ चा महापूर आठवावा. रात्री दोनला पाणी चढतंय, म्हातारा म्हणतोय म्हशी सोडून येत नाही, त्याला दंडाला धरून बोटीत घातला. कागदावर ती जबरदस्तीच. उद्या प्रत्येक दंडाची किंमत पगारातनं जाणार असेल तर तो अधिकारी आधी लेखी आदेश मागेल, आणि आदेश येईपर्यंत पाणी थांबत नसतं.

गंगावेशकर
साहेब, म्हाताऱ्याला बोटीत घालणं आणि पोराच्या तळपायावर पट्टा मारणं तुम्ही एकाच फायलीत घातलंत, माझं दुखणं तेवढंच हाय. बोटीवाल्याला कवच द्या की, माझी ना नाही.

कोर्टवाली ताई
नेमका इथंच घोळ आहे. मारणं ही ड्युटी असूच शकत नाही असं कोर्टांनी कितीदा म्हटलंय. पण सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या देवराजा निकालात असंही आहे की अधिकार ओलांडला तरी त्या कृतीचा ड्युटीशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागते. म्हणून समोरचा वकील पहिल्या तारखेलाच मंजुरीचा मुद्दा काढतो, आणि मारलं का नाही हा विषय बाजूलाच राहतो. अजून एक, हे कुणी बोलत नाही: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १६१ कलमात सहा महिन्यांची मुदत आहे, त्यानंतर पोलिसावर खटला घालायचा तर सरकारच्या मंजुरीनं दोन वर्षांपर्यंतच. आता गणित करा. सहा महिन्यांतले १२० दिवस सरकार घेणार, तुमच्याकडं उरले साठ. त्यातले किती गेले?

गंगावेशकर
एकेचाळीस.

नाद खुळा ४१६०
भावा इथं काय लिहीत बसलाईस, ऊठ!

निवृत्त तहसीलदार
कलम राहावं हे माझं मत आहे तसंच आहे. पण ऐका. १२० दिवसांची मुदत अर्ज लिहिल्यापासनं नाही, पोचल्यापासनं मोजतात. गृह विभागाला अर्ज जाईल, सोबत जखमांचा दाखला आणि फिर्यादीची प्रत. पोस्टानं टाकाच, पण एक प्रत हातानं पण द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणतील, तरी सोडायचं नाही. मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडंच बसलोय, उद्या या का म्हणतात ते मला माहितेय.

गंगावेशकर
साहेब तुमचं अजून पटलेलं नाही. अर्ज आज रात्री लिहितो. एकदा नजर घालाल काय?

निवृत्त तहसीलदार
पाठवा. शिक्क्यातली तारीख नीट उमटली का तेवढं बघा, बऱ्याचदा शाईच नसते.