पहिल्या कीबोर्डला प्रो मायक्रो सुचवणं आता थांबवूया का?

रंकाळाकाठ
आमच्या गल्लीतली कॉलेजची तीन पोरं माझ्याकडं मेकॅनिकल कीबोर्ड बनवायला शिकतायत. तिघांनीही जुने व्हिडिओ बघून प्रो मायक्रो, म्हणजे कुठलं बटण दाबलं ते संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड, मागवला होता. त्यातल्या एकाचा मायक्रो-यूएसबीचा जॅक दुसऱ्याच आठवड्यात खालच्या तांब्यासकट उखडला. पैसे साठवून घेतलेले स्विच तसेच टेबलावर पडलेत. म्हणून स्पष्ट लिहितो: नवशिक्याला प्रो मायक्रो सुचवू नका. आरपी२०४० चिपचा बोर्ड घ्यायला सांगा, रास्पबेरी पाय पिको किंवा त्याच चिपचा एखादा टाइप-सीवाला छोटा बोर्ड.

प्रो मायक्रोवरच्या एटीमेगा३२यू४ चिपला मेमरी ३२ केबी, त्यातले ४ केबी बूटलोडरच (नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) खातो. क्यूएमकेमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, व्हाया (बटणं हवी तशी बदलायची सोय), ओएलईडी (छोटा पडदा) आणि आरजीबी (रंगीत दिवे) एकत्र चालू करायला गेलं की फाइल मावत नाही, मग एकेक सोय काढत बसायचं. पिकोवर २ एमबी आहेत. पण माझं खरं कारण वेगळं आहे. लॅबच्या पीसीवर पोरांना ड्रायव्हर टाकता येत नाही. पिकोचं बूटसेल बटण दाबून केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. तयार प्रोग्रॅमची यूएफ२ फाइल त्यावर कॉपी केली की काम झालं. ही सोय चिपच्या रॉममध्येच आहे, त्यामुळं चुकीची फाइल टाकली तरी बोर्ड मरत नाही. शिकणाऱ्याला चुकायला जागा पाहिजे.

डायोड४१४८
साफ असहमत. पहिली गोष्ट, मूळ पिकोलाही मायक्रो-यूएसबीच आहे. जॅक उखडतो तो केबल आडवी ओढल्यानं, चिप कोणती यानं नाही. दुसरी, स्प्लिट (दोन भागांच्या) कीबोर्डच्या कितीतरी पीसीबी (छापील सर्किटच्या पाट्या) प्रो मायक्रोच्या मापावर काढलेल्या आहेत, त्यात पिको बसतच नाही. तिसरी, डब्ल्यूएस२८१२ हे रंगीत एलईडी ५ व्होल्टवर चालवले तर डेटाला साधारण ३.५ व्होल्ट लागतात आणि आरपी२०४० देतो ३.३. बऱ्याचदा चालतं, पण 'बऱ्याचदा'वर मी पोराला कसं सोडू? प्रो मायक्रो सरळ ५ व्होल्ट देतो.

रंकाळाकाठ
जॅकचं मान्य, म्हणूनच टाइप-सी म्हणालो. मापाचं म्हणाल तर प्रो मायक्रोच्याच आकाराचे आरपी२०४० बोर्ड मिळतात. आणि पिनांचं काय? बटणं ओळी-स्तंभांच्या जाळीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, जोडतात आणि प्रत्येक ओळीला, प्रत्येक स्तंभाला एक पिन लागते. ५ ओळी आणि १४ स्तंभ म्हणजे १९ पिना. प्रो मायक्रोवर मिळतात १८. एका पिनेसाठी पोरगं अडतं.

डायोड४१४८
अडत नाही हो! बटणं दिसतात तशाच ओळी वायरिंगमध्ये ठेवायच्या असं कुणी सांगितलं? ६० बटणं ८ बाय ८ मध्ये जोडा, १६ पिनांत भागतं. प्रत्येक बटणाला एक डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) द्यायचा तो द्यायचाच, नाहीतर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंही उमटतं. मॅट्रिक्स म्हणजे काय हे पोराला या अडचणीतूनच कळतं. भरपूर पिना हातात दिल्या की तो विचारच करत नाही.

उद्यमनगरकर
दोघांचंबी वाचलं. माझं म्हणणं, बोर्ड पाहिजेच कशाला? मी ॲल्युमिनियमची केस ओतून घेतली, तासून तुळतुळीत केली. आत पीसीबीखाली हेडरवर (पिनांच्या रांगेवर) उभा केलेला बोर्ड बसवायला गेलो तर केस मागनं इतकी उंच झाली की मनगट दुखायला लागलं. चिप सरळ आपल्या पीसीबीवर घ्यावी. एवढं देखणं काम करायचं आणि पोटात ठिगळ ठेवायचं, हे मला पटत न्हाई.

रंकाळाकाठ
दादा, तुमचं काम देखणंच असणार. पण आरपी२०४० म्हणजे ७ बाय ७ मिलिमीटर, ५६ पिना, दोन पिनांत ०.४ मिलिमीटर अंतर, वर फ्लॅश मेमरी आणि चिपला ठोके देणारा क्रिस्टल वेगळे लावायचे. साध्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला ते पहिल्या खेपेला झेपत नाही. आणि चिप गेली तर अख्खी पीसीबी अडकते. बोर्ड सॉकेटवर असेल तर उपसला, दुसरा बसवला. उंची कमी करायची असेल तर बोर्ड स्विचखाली न घेता वरच्या कडेला बाजूला काढा.

उद्यमनगरकर
कडेला काढायचं ध्यानात आलं नव्हतं. पण तुम्ही दुरुस्तीसाठी करताय, मी वापरासाठी. माझं मत तेच.

टंकलेखिका
मी लक्ष्मीपुरीत डीटीपी करते, दिवसभर मराठी इन्स्क्रिप्ट (मराठी टंकायची बटणांची मांडणी). या बोर्डांचा मला उपयोग काय, ते सांगा. 'ऱ्य' आणि 'ज्ञ' एका बटणावर येतील का?

रंकाळाकाठ
येतील, आणि माझ्या मते घरी कीबोर्ड बनवायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. देवनागरी ठरते संगणकात. त्यामुळं विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आहे तसंच ठेवा आणि एका बटणावर मॅक्रो (एका दाबात ओळीनं पाठवायची बटणं) लिहा: शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश. 'ऱ्य' उमटेल. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'पायऱ्या' एका बोटात. 'ज्ञ'चंही तसंच: पी, डी, शिफ्ट आणि उजवा चौकटी कंस. थेट युनिकोड पाठवायचा मार्गही क्यूएमकेमध्ये आहे, पण विंडोजवर त्यासाठी सहसा विनकंपोज नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. दुसऱ्याच्या ऑफिसात फाइल घेऊन गेलात तर ते नसणार. मॅक्रो कीबोर्डसोबत फिरतो.

डायोड४१४८
ताई, हे प्रो मायक्रोवरही जसंच्या तसं चालतं, एवढी नोंद करून ठेवतो. आरजीबी नको असेल तर २८ केबीत असे मॅक्रो आरामात बसतात.

टंकलेखिका
मला दिवे नकोतच. अंगठ्याखाली हलन्त आणि 'ऱ्य' पाहिजे. बाकी बोर्ड कुठला ते तुम्ही भांडून ठरवा.

डायोड४१४८
रंकाळाकाठ, त्या पोराचा बोर्ड फेकू देऊ नका. जॅकच्या मागं २२ ओहमचे दोन रेझिस्टर आहेत, डी-प्लस आणि डी-मायनस या डेटाच्या जोडण्यांचे. त्यांच्या टोकांना जुन्या केबलच्या हिरव्या-पांढऱ्या तारा सोल्डर करा. लाल तार रॉ (वीज आत घ्यायच्या) पिनेला, काळी ग्राउंडला. आधी मल्टिमीटरनं शॉर्ट तपासा आणि मग केबल केसला घट्ट बांधा, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही.

रंकाळाकाठ
रविवारी त्याच्याकडूनच करून घेतो. पुढचा बोर्ड मात्र आरपी२०४०च मागवणार.