"चंद्रावर? काहीतरीच काय!" – घरच्या मोठ्यांचे किस्से

परवा नातीला माणूस चंद्रावर उतरल्याचा व्हिडिओ दाखवत होतो आणि एकदम आजी आठवली. १९६९ च्या जुलैत काकांनी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिनची बातमी मोठ्याने वाचून दाखवली, आजी अंगणात जाऊन वर बघून आली आणि म्हणाली, "अर्धासुद्धा नाहीये आज चंद्र, दोघं उभे कुठे राहिले?" तुमच्याकडचे असले किस्से येऊ द्या.

आमचे आजोबा विमानावरून वाद घालायचे. पक्षी पंख हलवतो, हे हलवत नाही, मग उडतं कसं? पंचाहत्तरीत पहिल्यांदा बसवलं तर खिडकीतून नजर हटेना, वाटेत हवेचे धक्के बसले आणि पंखाचं टोक वरखाली व्हायला लागलं (ते वाकतं, तसंच बनवलेलं असतं) तर मला कोपरानं ढोसून म्हणतात, "हलवतोय बघ! मी काय म्हणत होतो?" आता काय बोलणार.

बाबांचं एकच, चंद्रावर हवा नाही तर झेंडा फडकला कसा. सांगितलं की वरच्या कडेत आडवी दांडी होती, ती पूर्ण उघडली नाही म्हणून चुण्या पडल्या. नाही पटलं. मग म्हटलं तिथे आरसे ठेवलेत, इथून लेसर मारला की अडीच सेकंदात परत येतो. तर म्हणे आरसा काय, यंत्रही ठेवेल! आणि खरंच राव, रशियाने चंद्रावर फिरवलेल्या लुनोखोद गाड्यांवर तसे आरसे आहेतच, माणूस न जाता. शेवटी ३८२ किलो दगड आणले म्हटल्यावर जरा थंडावले, तरी "दगड काय कुठेही मिळतात" हे पुटपुटलेच.

म्हाताऱ्यांनाच कशाला हसायचं? निर्वात पोकळीत रॉकेट चालणारच नाही म्हणून न्यूयॉर्क टाइम्सने १९२० मध्ये रॉकेटवाल्या अमेरिकन शास्त्रज्ञाची, गोडार्डची टिंगल केली होती, दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी :)

माझी पणजी असलं काही वर गेलंय हेच मानायची नाही. पण १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाश स्थानक पडणार म्हणून बोभाटा झाला तेव्हा सगळ्यात जास्त घाबरली तीच, आम्हा पोरांना दिवसभर घरात कोंडलं. मी विचारलं, अगं तू तर म्हणतेस वर काही गेलंच नाही!

"गेलं नसेल. पण पडायला काय लागतंय?"