मदत हवी आहे: रोमँटिक कॉमेडीचा उत्तरार्ध पडतोय

नमस्कार मंडळी, नागपुरात आम्ही काही जण मिळून रोमँटिक कॉमेडीची पटकथा लिहितोय. फुटाळा तलावावरची भांडणं छान जमलीत. मध्यंतरानंतर मात्र सगळं ढेपाळतं. दोघांना दूर करायला घातलेला गैरसमज एका फोनवर मिटेल असा आहे, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) मुख्य पात्रं दोनच, पुण्यातला एक दिवस, तरी गोष्ट धरून ठेवते. कारण अडथळा मुलीच्या मनातच आहे; ती स्थळाला नकार द्यायलाच आलेली असते. विनोदही स्वभावातून येतो, उगाच घुसवलेल्या विसराळू मामातून नाही.

आज नागपुरातल्या पंचविशीतल्या दोघांना खरंच काय अडवेल? जात? पुण्यातली नोकरी? आणि ते मांडताना हलकेपणा कसा टिकवायचा? पटकथा लिहिणाऱ्यांनी जरूर सांगा.