नॉइज रॉक कुठून सुरू करू? एकच अल्बम सांगा

खरखर_पुणे: मंडळी, निर्वाणा बँडचा इन यूटेरो अल्बम कॉलेजपासून ऐकतोय, त्यातली ती घासलेली गिटार आणि घसा फाडून ओरडणं जाम आवडतं, आता त्याच्या पुढचं कायतरी हवंय. परवा यूट्यूबवर नॉइज रॉक म्हणून काहीतरी लावलं तर बायकोने आतून विचारलं मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का. एकच अल्बम सांगा, शक्यतो बँडचा पहिलाच. वीस नावांची यादी नको प्लीज.

फीडबॅक_फौजदार: चॅट पाइल बँडचा गॉड्स कंट्री, २०२२. डोळे झाकून लाव. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचे चौघं आहेत, खरी नावं लावत नाहीत, गायक स्वतःला रेगन बुश म्हणवतो. पण आधी बँडचं नाव समजून घे. तिकडे पिचर नावाचं गाव होतं, शिसं आणि जस्ताच्या खाणींचं. खाणी बंद पडल्या आणि उरलेल्या खडीचे डोंगर तसेच गावात राहिले, त्या खडीला चॅट म्हणतात. पोरं त्या ढिगांवर खेळायची आणि शिसं रक्तात जायचं. शेवटी सरकारने घरं विकत घेऊन लोकांना हलवलं, २००८ला वादळाने उरलंसुरलं पाडलं, २००९ला नगरपालिकाच बरखास्त. हे डोक्यात ठेवून ऐकलंस की तो आवाज नुसता गोंगाट वाटत नाही.

जुना_कॅसेटवाला: इन यूटेरो आवडतो ना, मग तो ज्याने रेकॉर्ड केला त्या स्टीव्ह अल्बिनीच्या बँडपासून सुरू कर की. बिग ब्लॅक, अ‍ॅटमायझर, १९८६. ड्रमरच नाही, रोलंड कंपनीचं ड्रम मशीन आहे आणि क्रेडिटमध्ये त्याचं नाव मेंबरसारखं रोलंड असंच दिलंय 😄 केरोसीन हे गाणं ऐक, छोट्या गावातला कंटाळा माणसाला कुठवर नेतो ते कळेल. अल्बिनी २०२४ला गेला बिचारा, ६१ म्हणजे काही वय नाही.

फीडबॅक_फौजदार: काका अ‍ॅटमायझर बाप आहे, वादच नाही, पण ती गिटार म्हणजे पत्रा कापतायत. नवीन माणसाचे कान जळतील. चॅट पाइलमध्ये बेस पोटात बसतो, शाळेत कॉर्न बँड ऐकला असेल तर लगेच ओळखीचं वाटतं.

जुना_कॅसेटवाला: कान जळायलाच तर आलाय तो.

दुपारची_झोप: गॉड्स कंट्रीत नऊ गाणी आहेत, व्हायपासून सुरू कर, स्लॉटरहाउस नंतर. व्हायमध्ये तो माणूस गातच नाही, माणसांना उघड्यावर का राहावं लागतं एवढंच परत परत विचारत राहतो, रूपक नाही काही नाही. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस, निम्मा अल्बम ऐकूच येणार नाही. आणि सिरीयसली सांगते, शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं आहे, नाव वाचून हसू येतं पण आत आत्महत्येचा विषय आहे, मन ठिकाणावर नसेल तर ते सोड.

खरखर_पुणे: ऐकला. ऑफिसच्या बसमध्ये, हेडफोन लावून. पहिल्या वेळी तिसऱ्या गाण्यापर्यंत बंद केला, खरं सांगतो. मग संध्याकाळी पुलाखालून बस जात होती, तिथे नेहमीची कुटुंबं चुली पेटवून बसलेली, आणि कानात नेमकं व्हाय. दोनदा ऐकलं, स्टॉप चुकला. शेवटचं अजून लावलं नाहीये, थांबतो. केरोसीन शनिवारी, बायको माहेरी चाललीये.