मदत हवी आहे : ‘दशकातील सर्वोत्तम’ म्हणून कोणते तीन चित्रपट दाखवावेत?

गिरणाकाठ
नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे जानेवारीत सलग तीन रात्री चित्रपट दाखवायचे ठरले आहे. पत्रकावर ‘दशकातील सर्वोत्तम चित्रपट’ असा मथळा घालायचा, हे सर्वांना मान्य आहे. परंतु ते चित्रपट कोणते, या एका प्रश्नावर कार्यकारिणीच्या दोन बैठका मोडल्या. एका गटाच्या मते ज्याने सर्वांत मोठा गल्ला जमवला तोच लोकांनी निवडलेला चित्रपट, तर दुसऱ्या गटाच्या मते राष्ट्रीय पुरस्काराचा निकाल लागल्यावर आपण वेगळा निकाल लावण्याचे कारण नाही. मी चिटणीस असल्यामुळे निर्णय माझ्या गळ्यात आला आहे. शुक्रवारी मजकूर छापखान्यात पोहोचलाच पाहिजे आणि आज मंगळवार उलटून गेला आहे. कृपया तीन नावे सांगा आणि प्रत्येकाचे कारण एका वाक्यात द्या. लांबलचक चर्चा बैठकीत पुष्कळ झाली आहे.

लळिंगचा पायथा
आपण चित्रपट कोणत्या भाषेतील, हे लिहिलेले नाही. शिवाय दशक म्हणजे 2011 ते 2020, की मागची दहा वर्षे? हा शब्दच्छल नव्हे. मागची दहा वर्षे धरलीत तर 2014 पर्यंतचे सगळे चित्रपट यादीतून आपोआप गळतील आणि मग वाद ज्यांच्यावरून होतो, त्यांतले निम्मे उरणारच नाहीत.

गिरणाकाठ
मराठीच. वाचनालय मराठी आहे, तेव्हा दुसऱ्या भाषेचा प्रश्नच नव्हता. दशकाचे मात्र आम्ही कोणीच बोललो नव्हतो. 2011 ते 2020 धरा.

सातपुडा 62
मग प्रश्न फारसा अवघड राहत नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा, म्हणजे आजच्या सुवर्णकमळाचा, इतिहास पाहा. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी ‘श्यामची आई’ला तो मिळाला आणि त्यानंतर मराठी चित्रपटाला पुन्हा हा मान मिळायला 2003 च्या पुरस्कारांतला ‘श्वास’ यावा लागला, म्हणजे मध्ये पन्नास वर्षे गेली. त्यानंतर एकाच दशकात तीन मिळाली: 2011 चे ‘देऊळ’ला, तेही ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत विभागून, 2014 चे ‘कोर्ट’ला आणि 2016 चे ‘कासव’ला. आपल्याला तीन रात्री भरायच्या आहेत आणि सुवर्णकमळेही तीनच आहेत. त्यातही ‘कोर्ट’ला तोड नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच चित्रपटाने व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळवले. एका लोकशाहिरावर खटला चालतो, तारखा पडत राहतात, न्यायाधीशांपासून वकिलांपर्यंत कोणीही दुष्ट नसते, आणि तरीही माणूस चिरडला जातो. न्यायालयाच्या व्हरांड्यात दिवस घालवलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

केळीबाग यावल
मी आदरपूर्वक असहमत आहे. पुरस्कार देणारी समिती दहा-बारा जणांची असते, प्रेक्षक लाखो असतात. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला आला तेव्हा उन्हाचा पारा काय असतो, हे जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या उन्हात आमच्या गावातून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेले. मराठी चित्रपट शंभर कोटींच्या घरात जाऊ शकतो, हे तोपर्यंत कोणी मनातही आणले नव्हते. मात्र मी पैशासाठी हे लिहीत नाही. जी मुले गाण्यांवर नाचायला म्हणून गेली होती, तीच मुले शेवटच्या प्रसंगात आवाज बंद होतो तेव्हा श्वास रोखून बसली आणि परतीच्या वाटेवर ट्रॉलीत कोणी कोणाशी बोलले नाही. माझा धाकटा भाऊ घरी येऊन न जेवता झोपला. तीनशे माणसांना एकाच वेळी गप्प करणारा चित्रपट दशकातला सर्वोत्तम नसेल, तर सर्वोत्तम कशाला म्हणायचे?

सातपुडा 62
प्रेक्षक गप्प झाला हे मी नाकारत नाही. परंतु त्याच गाण्यांवर पुढची तीन वर्षे प्रत्येक लग्नाची वरात नाचली आणि शेवट कोणाच्या ध्यानात राहिला नाही, हेही आपल्याच भागात घडले.

केळीबाग यावल
गाणे वरातीत वाजले याचा दोष चित्रपटाला कसा देता येईल? ‘कोर्ट’ आपल्या तालुक्यात एकाही चित्रपटगृहात लागला नव्हता. जो पाहायलाच मिळाला नाही, तो लोकांनी विसरावा कसा आणि लक्षात ठेवावा कसा?

मूळची शिरपूरची
या वादात एक गोष्ट कोणीच विचारली नाही, म्हणून मी विचारते. समोर बसणार कोण आहे? वाचनालयाचे सभासद, शाळेतील मुले, की गावातील बायाबापड्या? आमच्या बचत गटातील चौदा जणी 2023 मध्ये गाडी ठरवून ‘बाईपण भारी देवा’ पाहायला गेल्या होत्या आणि त्यांतील पाच जणी आयुष्यात पहिल्यांदा चित्रपटगृहाची पायरी चढत होत्या. तो आपल्या दशकात बसत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तो सर्वोत्तम आहे असा माझा आग्रहही नाही. प्रेक्षक कोण, हे न सांगता निवड मागणे म्हणजे पाहुणे किती ते न सांगता पीठ किती मळू, असे विचारण्यासारखे आहे.

पडदा आणि भोंगा
मी गेली वीस वर्षे गावोगावी प्रक्षेपक आणि ध्वनियंत्रणा भाड्याने देतो, म्हणून थोडे लिहितो. जानेवारीत उघड्यावर कार्यक्रम असेल तर सातच्या आत सुरू करू नका, कारण पश्चिमेकडचा उजेड उरला तर रात्रीचे प्रसंग पडद्यावर दिसतच नाहीत. नऊनंतर दव पडते. यंत्रावर छत हवेच. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान सहा फूट ठेवा. चटईवर बसलेल्यांच्या मागे खुर्च्या असतात आणि खुर्च्यांमागे उभे राहणारे असतात. पडदा खाली बांधला की पुढच्यांची डोकी चित्रात येतात आणि तळाशी उमटणारी अक्षरे कोणालाच वाचता येत नाहीत. भोंग्यांचे तोंड भिंतीकडे करू नका, शाळेच्या आवारात आवाज घुमतो आणि संवाद कळत नाहीत.

गिरणाकाठ
यंत्रणेचे मी विचारले नव्हते, पण तळाशी उमटणाऱ्या अक्षरांच्या वाक्याने मला थांबवले. मागच्या वर्षी आमचे असेच झाले होते. ते आधी लिहायला हवे होते. मला वाटले त्याचा इथे संबंध नाही. कार्यक्रम शाळेच्या मैदानावर असतो, दीडशे-पावणेदोनशे माणसे येतात. त्यांत निम्म्याहून अधिक बाया असतात, बऱ्याचशा दिवसा जिनिंगला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या. मागच्या वर्षी एक चांगला, नावाजलेला, परभाषेतील संवाद असलेला चित्रपट लावला. खाली मराठी अक्षरे येत होती. पुढच्या रांगेत एक आजी नातीला घेऊन बसल्या होत्या आणि नात प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होती. अर्ध्या तासात ती दमली. आजी उठल्या, त्यांच्यामागे त्यांची सगळी आळी उठली. मध्यंतरापर्यंत चटया रिकाम्या होत्या. म्हणूनच या वर्षी पत्रकावर मोठा मथळा हवा, असे सर्वांचे मत पडले.

मूळची शिरपूरची
मग आपला प्रश्न मथळ्याचा नाहीच. त्या आजी पुन्हा येतील का, आणि आल्या तर शेवटपर्यंत बसतील का, हा आहे.

सातपुडा 62
हे आधी कळले असते तर मी ‘कोर्ट’ पहिल्या क्रमांकावर ठेवला नसता, हे मोकळेपणाने लिहितो. त्यात मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि इंग्रजीही बोलली जाते आणि ते मिश्रण चित्रपटाचा प्राण आहे, कारण आरोपीला स्वतःच्याच खटल्यातले सगळे बोलणे कळत नाही. पण वाचता न येणाऱ्या प्रेक्षकापुढे तीच गोष्ट भिंत होते. तरीही माझे एक म्हणणे कायम आहे: तो या मैदानावर चालणार नाही, म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. ‘सर्वोत्तम’ आणि ‘आपल्या मैदानासाठी योग्य’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि पत्रकावर दुसरा अर्थ असताना पहिला शब्द छापू नये.

केळीबाग यावल
या एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे.

वकिली नसलेला वकील
परवानगीचे कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. घरच्या वर्गणीवर मोबाइलमध्ये किंवा टीव्हीवर दिसणारा चित्रपट मैदानावर जाहीरपणे दाखवता येत नाही. प्रवेश विनामूल्य असला तरी निर्मात्याची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, कारण ती वर्गणी खाजगी पाहण्यापुरती असते. तीन नावे ठरली की आधी निर्मात्यांना पत्र पाठवा आणि होकार आल्यावरच पत्रक छापा.

गिरणाकाठ
हे मी बैठकीत सांगितले होते आणि पत्रांचे मसुदे तयार आहेत. फक्त नावांची जागा कोरी आहे. कृपया नावांकडे वळू या.

ओसरी
मी निवृत्त शिक्षिका आहे, पाचोऱ्याकडची. मला दोन नावे सुचवायची आहेत आणि एका वाक्यात कारण देणे मला जमणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

पहिले नाव ‘धग’. शिवाजी लोटन पाटील आपल्या खान्देशचे. 2012 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक आणि उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरवण्यात आले. असे असूनही आपल्या भागात कितीजणांनी तो पाहिला, हे मी माझ्या ओळखीच्या वीस जणांना विचारले, तर तिघांनी होकार दिला. स्मशानात काम करणाऱ्या बापाचा मुलगा ते काम करायला तयार नाही आणि त्याची आई त्याला त्यातून बाहेर काढायला धडपडते, एवढीच त्याची गोष्ट. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. गावात कोणी वारले की दुसऱ्या दिवशी तो शाळेत येत नसे आणि हजेरी घेताना मी त्याच्या नावापुढे काही न विचारता फुली मारत असे. तेव्हा विचारायला हवे होते, असे आज वाटते.

दुसरे नाव ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, 2013 चा. चित्रपटगृहांत तो 2014 च्या फेब्रुवारीत आला. यातला डुकरामागे धावण्याचा प्रसंग पाहा. मुलगा शाळेतल्या मुलीच्या नजरेला पडू नये म्हणून झाडाआड, भिंतीआड लपतो आणि बाप त्याला उघड्यावर ओढतो. डुक्कर हाताशी आले असतानाच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. डुक्कर निसटते. पुढे डुक्कर काठीला बांधून घरचे लोक शाळेच्या भिंतीजवळून जातात आणि त्या भिंतीवर थोरांची चित्रे रंगवलेली असतात. इतक्या वेळात कोणीही एक वाक्य समजावून सांगत नाही. ज्या आजींना अक्षर वाचता येत नाही, त्यांना हा प्रसंग माझ्यापेक्षा अधिक कळेल, याची मला खात्री आहे. ‘सैराट’ याच दिग्दर्शकाचा आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचलेला. पण ‘सैराट’मध्ये आपल्याला पहिले दोन तास सुख दिले जाते आणि मग ते काढून घेतले जाते. ‘फँड्री’ तेवढीही सवलत देत नाही. शेवटी भिरकावलेला दगड पडद्यातून सरळ आपल्याकडे येतो.

लळिंगचा पायथा
ओसरीताई, आपण लिहिलेत ते पटले. फक्त वर्षाची नोंद करतो: मागची दहा वर्षे धरली असती तर ही दोन्ही नावे यादीत आली नसती. 2011 ते 2020 अशी मर्यादा पत्रकावर स्पष्ट छापा, नाहीतर कोणीतरी उठून विचारणारच.

केळीबाग यावल
‘फँड्री’ला माझा विरोध नाही. मात्र तिन्ही रात्री काळीज जड करून लोकांना घरी पाठवणार असाल, तर तिसऱ्या रात्री मैदान रिकामे दिसेल. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला एखादी रात्र हसत घरी जाण्याचा हक्क आहे. ‘सैराट’ नको असेल तर ‘एलिझाबेथ एकादशी’ घ्या. पंढरपूर, एक सायकल, बांगड्यांचे दुकान मांडणारी पोरे आणि दिवसरात्र राबणारी आई. आपल्याकडच्या वारीला गेलेल्या प्रत्येक घराला ते ओळखीचे वाटेल. बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालेला आहे, म्हणजे सातपुडा यांचीही हरकत नसावी.

सातपुडा 62
हरकत नाही. उलट परेश मोकाशींचा तो चित्रपट मी त्या तीन सुवर्णकमळांच्या नादात विसरलो, याची खंत वाटते.

पडदा आणि भोंगा
राष्ट्रगीताच्या प्रसंगाबद्दल एक सूचना. प्रेक्षकांनी उभे राहायचे की नाही, यावर एका गावात माझ्यासमोर वाद झाला होता. कथेचा भाग म्हणून चित्रपटात राष्ट्रगीत येते तेव्हा उभे राहण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. सुरुवातीलाच निवेदकाने हे सांगावे, म्हणजे ऐन प्रसंगात मैदानात गडबड होणार नाही.

मूळची शिरपूरची
आणि क्रम असा ठेवा की ‘एलिझाबेथ एकादशी’ पहिल्या रात्री येईल. बाया पहिल्या रात्री मुलांना घेऊन येतात. ती रात्र आवडली तर दुसऱ्या रात्री त्या शेजारणीला घेऊन येतील.

गिरणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आज गुरुवारी रात्री बैठक झाली आणि दोन्ही गटांसमोर मी हे सर्व वाचून दाखवले. नावे ठरली: पहिल्या रात्री ‘एलिझाबेथ एकादशी’, दुसऱ्या रात्री ‘धग’, तिसऱ्या रात्री ‘फँड्री’. गल्ल्याचा आग्रह धरणाऱ्या आप्पांना ‘सैराट’ गळाला याचे वाईट वाटले. त्यांची समजूत अशी काढली की ‘फँड्री’नंतर त्याच दिग्दर्शकाचा चित्रपट म्हणून पुढच्या वर्षी तो आधी विचारात घ्यायचा. ‘कोर्ट’ वाचनालयाच्या खोलीत, सभासदांसाठी, वेगळी परवानगी काढून दाखवायचा आहे.

मथळा बदलला. ‘दशकातील सर्वोत्तम’ काढून ‘2011 ते 2020 या दशकातील तीन मराठी चित्रपट’ एवढेच ठेवले आहे. परवानगीची तिन्ही पत्रे उद्या सकाळी टपालात पडतील आणि छापखान्याला मी होकार येईपर्यंत थांबायला सांगितले आहे. मागच्या वर्षी उठून गेलेल्या आजींच्या घरी आज संध्याकाळी जाऊन आलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘वाचावं लागी का?’ नाही म्हणालो. मग त्यांनी नातीला हाक मारून जानेवारीतल्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवायला सांगितल्या.

पडदा आणि भोंगा, सहा फुटांवर पडदा बांधायला लागणारे बांबू आपण आणाल, की इथूनच बघू? तेवढे कळवावे.