उत्तर: पिंग होतंय, पण रिमोट डेस्कटॉप जोडत नाही

प्रश्न असा, की दुसऱ्या मशीनचा स्क्रीन नेटवर्कवरून वापरू देणारं विंडोजचं रिमोट डेस्कटॉप जोडत नाही, पण पिंगला (मशीन नेटवर्कवर आहे का ते विचारणारा छोटा संदेश) उत्तर येतं. त्यावरून मशीन चालू आहे, एवढंच कळतं. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे त्याच्या जोडणीचं क्रमांकित दार, उघडा आहे हे नव्हे. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड टाकायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) कमांडला समोरच्या मशीनचा आयपी पत्ता आणि रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ देऊन बघा.

पोर्टचा निकाल फॉल्स आला, म्हणजे तिथे पोहोचता आलं नाही, तर आधी समोरच्या मशीनवरचं विंडोज कोणतं ते तपासा. होम आवृत्ती दुसरीकडे जोडू शकते, स्वतः जोडून घेत नाही, किमान प्रो लागतंच. प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप सुरू आहे का ते पाहा, मग फायरवॉलच्या (नको त्या जोडण्या अडवणारी सोय) परवानगी यादीत रिमोट डेस्कटॉपपुढे प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्ही खुणा आहेत का ते बघा. वेगळा अँटिव्हायरस असल्यास त्याची फायरवॉलही बघाच, तिथेच बरेचदा अडतं.

ट्रू येऊनही लॉगिन नाकारलं जात असेल तर दोष नेटवर्कचा नाही. इथे पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेलं खातंही विंडोज मुळातच अडवतं. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पूर्ण ईमेल टाका, आणि त्या मशीनवर समोर बसून एकदा पासवर्डने लॉगिन करा.

या चर्चेत वर कुणीतरी राउटरवर ३३८९ फॉरवर्ड करायला, म्हणजे इंटरनेटवरून येणारी जोडणी थेट त्या मशीनकडे पाठवायला, सुचवलंय. कृपया करू नका. असे उघडे पोर्ट शोधून पासवर्ड आजमावणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) सतत फिरत असतात. बाहेरून जोडायचं तर आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट).